तपासणार कोण, हे लिहून ठेवा



गेल्या पावसाळ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, अकरा दिवस झाले, माझं काम कुणी बघायलाच तयार नाही." तो एका कंपनीत प्रोग्रामर आहे. टेंभुर्णीतल्या आमच्या वस्तीतून त्या क्षेत्रात गेलेला पहिलाच पोरगा. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेला माणूस. शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले, रेशन कार्ड यातच माझा दिवस जातो. कोडमधलं मला काही कळत नाही. पण "कुणी बघायलाच तयार नाही" हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

आधी त्याच्याकडून समजून घेतलं. प्रोग्रामच्या मुख्य कोडमध्ये कुणी परस्पर बदल करायचा नसतो. "माझा हा बदल घ्या" अशी विनंती ठेवायची, तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. दुसरा सहकारी ती तपासतो, तो रिव्ह्यूअर. त्यानं मंजूर केलं की बदल आत जातो. म्हणजे रिव्ह्यूअरच मिळाला नाही, तर केलेलं काम केल्यासारखं दिसतच नाही.

कंपनीत रिव्ह्यूअर नेमायचं टूल होतं. पण ते कसं चालतं हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. ज्यांचं सिनियर लोकांबरोबर चहाला उठणं-बसणं, त्यांना ते तोंडी कळायचं. भाच्यानं विचारलं तर उत्तर आलं, "मग तूच लिही डॉक्युमेंटेशन." हे काम तिथं हलकं समजतात, म्हणून नव्याच्या गळ्यात.

मी म्हणालो, "घे ते काम. नियम लिहिणं हलकं काम नसतं."

रोज रात्री फोनवर आम्ही बसायचो. टूल गिटहबच्या सोयींवर उभं होतं. तिथं 'कोडओनर्स' नावाची साधी फाइल असते. कोणत्या भागातला बदल कुणी तपासायचा ते तीत लिहिलं की त्या माणसाला आपोआप विनंती जाते. एकाच फाइलला दोन नियम लागू पडले तर शेवटी लिहिलेला चालतो. तपासणी टीमकडे असेल तर वाटपाच्या दोन पद्धती आहेत. एकीत पाळीपाळीनं नाव येतं. दुसरीत कुणाकडे किती काम तुंबलंय तेही बघितलं जातं. आणि आपली पुल रिक्वेस्ट आपल्यालाच मंजूर करता येत नाही.

हे सगळं त्यानं नीट लिहिलं. मी फक्त प्रश्न विचारले. यादीत नाव कोण घालतं? काढतं कोण? रिव्ह्यूअर रजेवर असला तर? किती दिवस वाट बघायची? नाकारताना कारण लिहावं लागतं का? निम्म्या प्रश्नांना कंपनीत उत्तरच नव्हतं. तिथं त्यानं आपली सूचना लिहिली: तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर विनंती पुढच्या माणसाकडे जावी.

आता हे डॉक्युमेंटेशनही तपासणीला गेलं. एका सिनियरनं एवढंच लिहिलं, "हा भाग काढ." भाचा म्हणाला, "मामा, काढून टाकतो. उगाच वाईटपणा कशाला?"

मी त्याला लाहोरची गोष्ट सांगितली. १९३६ साली जात-पात-तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण आधी वाचलं आणि काही भाग वगळा म्हणाले. बाबासाहेबांनी नकार दिला, अधिवेशन झालं नाही, आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं. 'जातिनिर्मूलन' ते हेच. पण पुढचा भाग आपण सांगायला विसरतो. १९३७ च्या आवृत्तीत त्यांनी गांधींची टीकाही छापली आणि सोबत आपलं उत्तर दिलं. संविधानाच्या मसुद्यावर तर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि त्यांवर सभागृहात चर्चा झाली. बाबासाहेब तपासणीला घाबरत नव्हते. त्यांचा विरोध मुकाट्यानं काढून टाकण्याला होता. समोरासमोर, लिहून, कारण देऊन केलेली टीका म्हणजे तपासणी. बाकी सगळा नुसता अधिकार.

भाच्यानं सिनियरच्या शेऱ्याखाली नम्रपणे एक ओळ लिहिली: "का काढायचं, ते इथं लिहाल का?" चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्या एका सिनियर बाईंनी तीनाचे पाच दिवस केले. कारणही दिलं: मध्ये शनिवार-रविवार येतात. मग मंजूर केलं. भाच्यानं ती दुरुस्ती आनंदानं घेतली. पहिल्या सिनियरचं कारण आजपर्यंत आलेलं नाही.

काही जण म्हणतील, "यात जात कुठून आणली? कॉम्प्युटरला जात कळत नाही." भाच्याचे अकरा दिवस जातीमुळे गेले, असा दावा मी करत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण म्हणूनच तर सांगतोय. नियम तोंडी असला की भेदभाव झाला हेही सिद्ध होत नाही आणि झाला नाही हेही नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेनं सिस्को कंपनीवर जातीभेदाचा दावा दाखल केला, तेव्हा हा प्रश्न थेट कॉम्प्युटरच्या पंढरीतूनच आला होता. टूल पाळी लावू शकतं, माणसाचं मन बदलू शकत नाही. पण कुणी पाळी चुकवली तर त्याची नोंद राहते. आपल्या माणसाला लढायला ती नोंदच लागते.

आणि हाच प्रश्न घरात विचारू. आपल्या मंडळात जयंतीचा हिशोब कोण तपासतो? त्याला कुणी नेमलं? लिहिणारा आणि तपासणारा एकच तर नाही ना? नव्या पोरानं, पोरीनं शंका काढली तर किती दिवसांत उत्तर मिळतं? हे कुठं लिहिलंय का?

नसेल, तर पुढच्या बैठकीला वही घेऊन बसा. पहिली ओळ तुम्हीच लिहा.

जय भीम! जय संविधान!