श्वासाचे ऋण

मालवणजवळच्या निळ्या समुद्रात बुडी मारणाऱ्याला श्वासाची किंमत क्षणभरात कळते. किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र तिची आठवणही नसते.

२०२० साली करोनाच्या साथीने ती सर्वांनाच करून दिली. फुप्फुसांत कोट्यवधी इवलेसे वायुकोश असतात. त्यांच्या पातळ पडद्यांतून प्राणवायू रक्तात उतरतो. काही रुग्णांच्या देहातून विषाणू निघून गेला, पण हे पडदे व्रणांनी निबर झाले. अशांपैकी काहींपुढे एकच वाट उरली. ती म्हणजे दुसऱ्याची फुप्फुसे बसवून घेणे.

हे धाडस अमेरिकेत डॉ. जेम्स हार्डी यांनी १९६३ साली प्रथम केले. त्यांचा रुग्ण अठराच दिवस जगला. पुढे वीस वर्षे अपयशच पदरी येत गेले. अखेर १९८३ साली टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांच्या रुग्णाला सहा वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईतही करोनाने फुप्फुसे निकामी झालेल्या एका रुग्णावर असे रोपण झाले.

परंतु शल्यविशारदाचे कौशल्य येथे पुरेसे नसते. बहुतेकदा मेंदू मृत झालेल्या माणसाच्या आप्तांनी ऐन शोकात होकार दिला, तरच फुप्फुसे मिळतात. रापण ओढणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो. या दात्यांना कसलाच वाटा नसतो. ज्याला श्वास लाभतो, त्याने जन्मभर औषधे घेऊन तो जपावा. हीच त्या ऋणाची फेड.