ग्रॉसवर की हातात येणाऱ्यावर?

अहिल्यानगर,
रविवार, दुपार

प्रिय छोटू आणि सूनबाई,



तुमचा कागद मिळाला. वर महिन्याचा जमाखर्च सूनबाईच्या सुवाच्य अक्षरात आणि खाली एकच प्रश्न तुझ्या कोंबडीच्या पायांत: दशांश ग्रॉस पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या पगारावर? मी इतकी वर्षं मंडळीचा खजिनदार होतो, तेव्हा मामा ‘ग्रॉसवर’ म्हणणार अशी तुझी अटकळ असेल. हातात येणाऱ्यावर दे. पीएफ आत्ता कापला जातो तो पुढे व्याजासकट मिळेल, त्या वेळी त्याचा दशांश काढ. एवढ्याशा मुद्द्यावर उपासनेनंतर चहा थंड होईपर्यंत भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दहावा हिस्सा चोख मोजणाऱ्या परूश्यांची मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात काय हजेरी घेतली आहे ते एकदा काढून बघ. दशांश देऊ नका असं येशू तिथे म्हणत नाही. पण न्याय आणि दया राहिली कुठे, असं मात्र विचारतो.

तेच मला तुमच्या कागदाबद्दल विचारायचं आहे.

दोघांचे मिळून हातात 73,000 येतात. भाडं 15,000, मोटरसायकलचा हप्ता 4,500, लग्नाच्या कर्जाचा हप्ता 9,800, छोटूच्या आईला, म्हणजे आक्काला 6,000, किराणा-भाजी-दूध-घरकाम 14,000, बस-पेट्रोल-वीज-मोबाईल 6,000. उरतात 17,700. त्यातून 7,300 दशांश बाजूला काढायचे आणि बाकीचे ‘बघू’, असं तुम्ही लिहिलंय. आणि कागदाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, क्रेडिट कार्डाची बाकी 38,000. त्यावर दर महिन्याला फक्त ‘मिनिमम’ भरता.

छोटू, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. तुझ्या आजोबांच्या काळचा सावकारही हा दर सांगताना जरा खाली बघत असेल. शिवाय जुनी बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या साखरेवरही आजपासून व्याज. नुसत्या व्याजापोटी पहिल्या महिन्यात तेराशेवर रुपये जातात. अशा वेळी पूर्ण दशांश पाकिटात घालणं म्हणजे देवाला कार्डावर दान देणं. पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात स्पष्ट कळवलंय की दान जवळ असलेल्यातून मान्य होतं, नसलेल्यातून नव्हे. म्हणून माझं मत असं: तीन महिने 3,000 द्या आणि उरलेले सगळे 14,700 कार्डावर भरा. मी हिशेब करून पाहिलाय, तिसऱ्या महिन्यात कार्ड कोरं होतं. चौथ्या महिन्यापासून पूर्ण दशांश सुरू करा. पाळकसाहेबांनी विचारलं तर हेच सांगा, लाजू नका. हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट आपण लहानपणी भीत भीत ऐकली, पण पेत्र त्यांना काय म्हणतो ते नीट वाचा. शेत तुमचंच होतं, विकल्यावर पैसाही तुमच्याच हाती होता, असं तो म्हणतो. कमी दिलं हा त्यांचा गुन्हा नव्हता. काही भाग देऊन सगळं दिल्याचं सांगितलं, हा होता.

हे तीन महिने हात अगदीच आखडल्यासारखा वाटला तर मिझोरामच्या बायकांची रीत करून पाहा. तिथल्या ख्रिस्ती घरांत दर जेवणाचा भात शिजवायला घेताना मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकतात. त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हातात रोख पैसा नसलेल्या घरांत हे सुरू झालं, आणि आज त्याच मुठींतून तिथल्या मंडळ्यांना वर्षाला कोट्यवधी रुपये मिळतात. तुमच्या दोघांच्या भातातून काही मंडळी चालायची नाही. पण महिन्याला किलो-दीड किलो तांदूळ नक्की साठतो, आणि तो कुणाला द्यायचा हे तुम्हाला तुमच्या वाड्यातच कळेल.

आता आक्का. सूनबाई, तू तिच्या 6,000 पुढे प्रश्नचिन्ह केलं आहेस, ‘4,000 करता येतील का, म्हणजे दशांश बसेल’. तू वाईट मनाने लिहिलं नाहीस हे मला ठाऊक आहे, तू हिशेब बसवत होतीस. पण नेमका हाच हिशेब येशूला खपला नव्हता. मार्कच्या सातव्या अध्यायात तो ‘कुर्बान’बद्दल बोलतो. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून मोकळं होण्याची सोय त्या काळी धर्मशास्त्र्यांनी करून ठेवली होती, आणि तो त्यांच्यावर कडाडला. आक्काची बीपीची आणि साखरेची औषधं आधी, दशांश मग. मी खजिनदार असताना मंडळीत कुणी हे उघड बोलत नव्हतं, कारण वर्गणी कमी होईल ही भीती. मी आता निवृत्त आहे.

मोशेच्या नियमशास्त्रातला दशांश आपण समजतो तसा एकसाची नव्हताच. तो धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा. ‘अनुवाद’च्या चौदाव्या अध्यायात तर त्यातला भाग घरच्यांनी देवासमोर बसून आनंदाने खावा असं सांगितलंय. जागा लांब असेल तर माल विकून पैसे न्यावेत आणि तिथे जे खावंसं वाटेल ते घ्यावं. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. म्हणून तुमच्या यादीत ‘दोघांसाठी’ असा रकाना नाही याचं मला वाईट वाटलं. महिन्याला हजार रुपये सिनेमा-मिसळीला ठेवा. पण कार्ड फिटल्यावर.

हल्ली टीव्हीवर आणि मोबाईलवर एक शिकवण जोरात आहे: दहा टक्के पेरा, शंभर टक्के कापा. मलाखीतलं एक वचन घेऊन त्याची स्कीम करतात. तुझ्या प्रश्नामागे तेच असावं असा मला संशय आहे, की ग्रॉसवर दिलं तर प्रमोशन लवकर होईल का. तसं काही होणार नाही. देव फायनान्स कंपनी चालवत नाही. जॉन वेस्लीने सांगितलेला एक तरुण बघ: वर्षाला तीस पौंड मिळत तेव्हा अठ्ठावीसमध्ये भागवून दोन दिले, पुढे साठ, नव्वद, एकशेवीस मिळू लागले तरी तो अठ्ठावीसवरच राहिला आणि बाकी सगळं देत गेला. तो तरुण वेस्ली स्वतःच, असं मानतात. त्याने दिलं ते परत मिळावं म्हणून दिलं नाही.

मात्र द्यायचं किती हे एकट्याने ठरवू नकोस. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि त्यांच्या उदारपणाची झळ लक्ष्मीबाईंच्या चुलीपर्यंत पोचे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण खळखळून हसतो, कारण त्या बाईने ते हसत लिहिलंय. पण धान्याचा डबा रिकामा बघायची पाळी कुणावर यायची ते विसरू नये. तुमच्या घरी पैशाची वही सूनबाईकडे आहे, ती तशीच राहू दे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी मिळून वाचा. येशूच्या बारा शिष्यांत पैशाची डबी एकट्या यहूदाकडे होती, हे मी मंडळीच्या ऑडिटच्या वेळी दरवर्षी सांगायचो. लोक हसायचे आणि दुसरी सही घ्यायला तयार व्हायचे.

कार्ड फिटलं की शिल्लक टाका. ‘विश्वास ठेवायचा तर साठवायचं कशाला’ असं तुमच्या प्रार्थना गटात कुणी म्हणालं तर त्याला योसेफाची आठवण करून द्या. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने मिसरात पाचवा हिस्सा कोठारात घातला. पंडिता रमाबाईंनी केडगावचं मुक्तिसदन प्रार्थनेवर चालवलं, आणि त्याच आवारात विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना घातला. पैसे बँकेत ठेवा. तिथे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून जाऊ नका, तिथे हे संरक्षण नाही. दोघांचा टर्म विमा काढा. तो अविश्वास नाही, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौल काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. भांडी-फरशीच्या मावशींना 1,800 देता आणि ‘खाडे वजा’ असं लिहिलंय. शिवाय पगार दहा तारखेनंतर. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असा नियम ‘अनुवाद’मध्ये आहे, आणि याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते. तुमचे पगार एक तारखेला होतात, तुमच्या आजारपणाची रजा भरपगारी असते. मावशींचे पैसे एक तारखेला, पूर्ण, दशांशाच्याही आधी द्या. ‘लेवीय’मध्ये शेताचे कोपरे कापू नका असं सांगितलंय, तुमच्या घरात शेत नाही, पण महिन्याचे चार खाडे तरी सोडा.

आता तुझ्या ताज्या कलमाबद्दल. मंडळीतल्या तुझ्या मित्राला पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज हवंय आणि दुसरा जामीनदार मिळत नाही. ‘विश्वासातला भाऊ आहे, नाही कसं म्हणू’ असं तू लिहिलं आहेस. नीतिसूत्रांत जामीन राहणाऱ्याला सहाव्या अध्यायात जितकं झापलंय तितकं क्वचितच कुणाला झापलं असेल. त्याने हप्ते थकवले तर वसुली तुझ्या पगारातून होईल, आणि तुमचे 17,700 तुमचे राहणार नाहीत, ना आक्काचे, ना मावशींचे. त्याला मदत करायची तर कार्ड फिटल्यावर पाच-दहा हजार उचलून दे, परत येतील असं मनातही न आणता. जामिनाच्या कागदावर सही करू नकोस. तुला नाही म्हणणं जड जात असेल तर त्याचा नंबर मला पाठव, मी बोलतो.

तुमचा,
मामा