आजोबांच्या तबकड्या

आजोबा गेले आणि त्यांच्या दोनशे तबकड्या विकायचे ठरले. ‘आधी सगळ्या ऐकतो,’ असे मी बाबांना सांगितले. रोज रात्री चार. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात गवयाने राग उभा करायचा. पोलादी सुई लाखेची तबकडी दर वेळी थोडी झिजवते. म्हणजे जिथे खरखर अधिक, तिथे आजोबांचा जीव अधिक. केसरबाई केरकरांची भैरवी सर्वांत झिजलेली निघाली. हीच भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली. आमच्याकडे ती लागताच आजी स्वयंपाकघरातून येऊन दाराशी बसली. आजोबांनी आवडनिवड कधी बोलून दाखवली नाही. ती या खरखरीत राहिली आहे. गिऱ्हाईक तिचे काय मोल करणार? बाबांनीही आता भाव विचारणे सोडले आहे.