राजा कोणाला करायचं?

आज विषय थोडा वेगळा आहे, पण शेवटी आपल्या दवाखान्यातच येऊन थांबतो, म्हणून वाचा.

माझा भाचा सुट्टीत यावलला आला की लॅपटॉपवर गेम खेळत बसतो. यावेळी ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ हा २००९ सालचा जुना गेम होता. त्यात जमिनीखाली बुटक्यांचं एक राज्य आहे. राजा मेलेला असतो आणि गादीवर कोणाला बसवायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं असतं. एकीकडे बेलेन नावाचा राजपुत्र. भावाचा काटा काढून पुढे आलेला, पण जातीबाहेर टाकलेल्यांना वर आणू पाहणारा. दुसरीकडे हॅरोमाँट, शब्दाचा पक्का, सज्जन म्हातारा. मात्र जुनी जातव्यवस्था जशीच्या तशी ठेवणारा. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही कोणाला केलं असतं?" मी त्याला सांगितलं, डॉक्टरला हा प्रश्न रोज पडतो, फक्त मुकुट नसतो.

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात उघडपणे उभा राहिला तो १८९७ साली पुण्यात. प्लेग मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात ओळखला गेला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला (हाच कायदा कोविडमध्ये पुन्हा बाहेर काढला गेला). पुण्यात प्लेग कमिटीवर रँड आला. गोरे सोजीर घरात शिरत, देवघर-माजघर बघत नसत, बायकांची तपासणी चारचौघांत होई. आजारी माणूस इस्पितळात, घरचे छावणीत, सामान जाळायला. साथ मोडायची तर कठोर व्हायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. तो ३ जुलैला मेला.

समोर टिळक होते. सामाजिक सुधारणा कायद्याने लादायला त्यांचा विरोध. संमतिवयाचा कायदा १८९१ साली आला, मुलीचं वय १० वरून १२ झालं, तेव्हाही ते विरोधातच होते. पण प्लेगमध्ये शहर सोडून गेले नाहीत. हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढण्यात पुढे राहिले. म्हणजे गेममधला हॅरोमाँट म्हणावा तर तो इतका सोपा नाही.

आता वैद्यकीय भाग. प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. म्हणजे रँडची माणसं घरं धुंडत होती तेव्हा खरा गुन्हेगार कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, फुफ्फुसाचा होतो. छावणीचा उपयोग झालाच असेल तर तो उंदरांचं घर सुटल्यामुळे. आणि गंमत बघा, खेड्यापाड्यांतली जुनी रीत हीच होती. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि मळ्यात झोपड्या घालून राहायचं. जुन्या लोकांना पिसू माहीत नव्हती, पण रीत बरोबर होती. तीच जुनी माणसं हाफकिनची लस टोचून घ्यायला मात्र घाबरत.

मला त्या वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: लोक रुग्ण लपवू लागले. गाठ आलेला माणूस माळ्यावर, कोठीत, पाहुण्यांच्या गावाला. लपवलेल्या रुग्णापुढे जगातलं कुठलंही औषध निरुपयोगी. सावित्रीबाई फुले त्याच साथीत लोकांना स्वतः दवाखान्यात आणत होत्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सुधारक त्याही होत्या, आणि रँडपेक्षा कितीतरी जास्त जुन्या चाली मोडलेल्या. त्यांच्यापासून कोणी रुग्ण लपवला नसता, असं मला वाटतं.

हे आज का सांगतोय? कारण आपल्या भागात, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर आणि अगदी शहरातल्या चांगल्या घरांतही, आज लपवली जाते ती सोळा-सतरा वर्षांची गरोदर मुलगी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी मुलगी समोर आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. लग्न झालेलं असलं तरी २०१७ पासून नवऱ्याला सूट नाही. घरचे हात जोडतात, "डॉक्टरसाहेब, आमची इज्जत." मुलाकडचे भले लोक असतात, खोटं बोलत नाहीत, मुलीला जीव लावतात. आणि मुलीचं हिमोग्लोबिन ७ असतं.

कायदा हवाच, या मताचा मी आहे. पण कायद्याच्या भीतीने ती मुलगी नवव्या महिन्यापर्यंत घरात राहिली, तर तिला झटके घरीच येतील. या वयात रक्त कमी असणं, रक्तदाब वाढून झटके येणं, बाळ अडणं, बाळ कमी वजनाचं होणं, हे सगळं जास्त होतं आणि यातलं बरंच काही वेळेवर तपासणी झाली तर हातात राहतं.

म्हणून घरात अशी मुलगी असेल तर एवढं करा. पहिल्या तीन महिन्यांत तिला तपासायला आणा. ग्रामीण रुग्णालयातही चालेल. मूल नको असेल तर पालकांच्या लेखी संमतीने गर्भपात कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २४ पर्यंत दोघांचं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे की अशा वेळी मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की केळीच्या कापणीचा दिवस असो, थांबू नका, १०८ ला फोन करा. मुलीला स्वतःला कोणाशी बोलायचं असेल तर १०९८ हा नंबर तिच्या जवळ असू द्या.

भाच्याने बेलेनला राजा केला. जातीबाहेरच्यांचं भलं झालं आणि पुढे बेलेनने सभाच बरखास्त केली, असं तो जेवताना सांगत होता.