तळं शोधताना

नोव्हेंबर उजाडला की हॉस्टेलवर दोन गोष्टी वाढतात, सबमिशनच्या फायली आणि अंगावरच्या चादरी. त्यात रविवारी रात्री मेस बंद! अशा दिवसांत आमच्या विंगमधल्या चौघांना मासे धरायचा नाद लागला. गळ, दोरा, बुचाचा तरंगा आणि कणकेच्या गोळ्या, एवढं साहित्य चहाच्या उधारीपेक्षा कमी पैशात जमलं. प्रश्न एकच उरला. तळं कुठलं?

तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात तळ्यांना काय तोटा? खरं आहे. पण रंकाळा म्हणजे फिरायला आणि भेळ खायला. सांडपाणी आणि केंदाळ यांनी तो इतका गांजलेला आहे, की तिथला मासा कढईत टाकायला मन धजत नाही. कळंब्याचं पाणी शहर पितं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचा लक्ष्मी तलाव बघून डोळे निवतात, पण भोवती अभयारण्य, तिथं वनखात्याचे नियम. आणि पाझर तलाव तर बांधलेलेच पाणी जमिनीत मुरवायला. आपण गळ घेऊन जाईपर्यंत कित्येकांचं डबकं झालेलं असतं.

याच सुमारास आमच्या एका सीनियरशी फोनवर बोलणं झालं. तो सध्या उत्तर अमेरिकेत आहे आणि तिथं कयाकमधून, म्हणजे एका माणसाच्या अरुंद होडीतून, मासेमारी करतो. त्याचं दुखणं वेगळंच. म्हणाला, "भावा, इथं थंडीत तळंच गोठतंय, होडी घालू कुठं?" पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून त्याहून थंड झालेलं पाणी वरच राहतं आणि बर्फ वरून धरतो, हे आपण अकरावीत पाठ केलेलं. त्याला ते होडी टाकताना आठवतं. मग तिथली मंडळी काय करतात? वीज केंद्राशेजारचं तळं शोधतात. कंडेन्सर थंड करून बाहेर पडलेलं कोमट पाणी तळ्यात येतं, तेवढा भाग गोठत नाही आणि मासेही उबेला तिथंच जमतात. थर्मोडायनॅमिक्सचा असा उपयोग आपल्या सिलॅबसमध्ये कुठं आहे सांगा! पण पाणी उघडं दिसलं म्हणून तो लगेच होडी सोडत नाही. गार पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असलं तर संपलंच. म्हणून कपडे हवेची थंडी बघून नाही, पाण्याची थंडी बघून घालायचे, आणि लाइफ जॅकेट कायम अंगावर.

आपल्याकडे कयाक नाही, पण काहील आहे. गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसं या भागानं पाहिलेली आहेत. अडचण एवढीच, की हिवाळ्यात काहील गुऱ्हाळात चुलवाणावर असते! त्यामुळं आम्ही काठावरचेच.

शेवटी तळं मिळालं ते एका वर्गमित्राच्या ओळखीनं. करवीर तालुक्यातलं आहे. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी अख्खं हॉस्टेल तिथं दिसेल. तिथल्या सोसायटीनं मासेमारीचा ठेका घेतलाय. राखणीला बसणाऱ्या मामांनी आधी आमचे गळ बघितले, मग आम्हाला. म्हणाले, "पोरांनो, पावसाळ्यात आम्ही बीज सोडतो. एक राहू तुमची गंमत, पण आमचा हप्ता हाय." मग अटी सांगितल्या. राहू, कटला लागला तर परत पाण्यात. चिलापी हवी तेवढी न्या, ती भराभर वाढते आणि बाकीच्यांचं खाणं खाते. आणि पाण्यात पाय घालायचा नाही.

मामांकडून शिकलो ते असं. थंडीत पहाटे उठून काही फायदा नाही. माशाचं अंग पाण्याइतकंच गार, त्यामुळं पचन मंद आणि भूक कमी. अकरानंतर ऊन वर आलं की उथळ काठ तापतो, तेव्हा मासा वर येतो. डोंगराची सावली लवकर सरते तो काठ धरायचा. म्हणजे उशिरा उठणाऱ्यांचा हा खेळ, आपल्यासाठीच केलेला!

तिसऱ्या रविवारी एकाचा गळ काडीला अडकला. दोनच हातांवर होता. पठ्ठ्या पँट दुमडून उतरणार, तोच मामा ओरडले. बांध घालताना माती काढलेला खड्डा बरोबर तिथंच होता, दोन पुरुष खोल. वरून पाणी गुडघाभर वाटत होतं. मामांनी लांब बांबूनं गळ सोडवून दिला आणि पुढं कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. रविवारी पोहायला गेलेल्या मुलांच्या बातम्या आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. त्या दिवशी मला पान उलटता आलं नसतं.

म्हणून मित्रहो, तळं शोधायचं तर नकाशा बघा, वाटही विचारा. पण ते पाणी कुणाचं आणि त्याचा तळ कुणाला माहीत, हे आधी विचारा. असा माणूस काठावर नसेल, तर पाणी कितीही निळंशार असू दे, ते आपलं तळं नव्हे. आणि हो, चिलापीला आधी हळद-मीठ लावून ठेवायचं. बाकी कृती रूम नंबर विचारून या, सांगतो.