गच्चीवरची वीज आणि मुळशीचं पाणी

मुलुंड (पूर्व)

चि. मृदुला,

सोसायटीच्या सभेपुढे ठेवायचा तुझा सोलरचा ठराव वाचला. ‘सोसायटी विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण होईल’ एवढं वाक्य काढ, बाकी जरूर मांड.

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीनं महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट मिळतात. पावसाळ्यात बरीच कमी. टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा केली तर तुमच्या गच्चीवर दहाएक किलोवॅट बसतील, म्हणजे हजार-अकराशे युनिट. वीस बिऱ्हाडं अडीचशे युनिटांनी धरली तर लागतात पाच हजार. पंप, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट एवढं मात्र त्यात बरंचसं भागेल. लिफ्टच्या बिलावरून तळमजलेवाल्यांशी होणारी वादावादी थांबली तरी पुष्कळ झालं! पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी पॅनेलमधले सेल देशात बनलेले असावे लागतात. पण त्या सेलचे वेफर अजून मुख्यतः चीनमधूनच येतात.

वीज गेली तरी आपली चालू राहील, असंही कुणाला सांगू नकोस. बॅटरी नसेल तर नेट मीटरवरचा इन्व्हर्टर लाइन गेल्याबरोबर आपणहून बंद होतो. नाहीतर दुरुस्तीला आलेल्या लाइनमनला शॉक बसायचा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज जाऊन लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा असली पॅनेलं असून नसल्यासारखीच होती. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबईनं अलग होऊन आपल्या केंद्रांवर तगून राहावं अशी व्यवस्था होती, ती त्या दिवशी फसली. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची लाइन सुरू झाली. म्हणजे उपाय निघाला तो बाहेरून आणखी वीज आणण्याचाच.

आणि मुंबई स्वतःच्या विजेवर कधी जगली होती? १९१५ मध्ये खोपोलीची वीज गिरण्यांसाठी आली, ती लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं ते मुळशी धरणाच्या पाण्यावर. त्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ पासून मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, आणि धरण झालंच. पुढे उपनगरांसाठी नव्वदच्या दशकात चिकूच्या बागांच्या डहाणूत ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं राहिलं. ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राला कोळसा येतो इंडोनेशियातून. आपल्या सुखाचा भार नेहमी दुसऱ्या कुणीतरी उचलला. गच्चीवर पॅनेल लावायचं माझ्या मते खरं कारण हे आहे. स्वातंत्र्य वगैरे नव्हे.

देशाचंही फार निराळं नाही. २०४७ पर्यंत ऊर्जेत आत्मनिर्भर व्हायचं, अशी घोषणा १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून झाली. २०२५ मध्ये स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू नि तेलाबाहेरचा झाला, हे खरंच मोठं काम. पण प्रत्यक्ष विजेत अजून कोळशाचाच वाटा मोठा, आणि १९७४ साली बॉम्बे हायला तेल सापडूनही ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. क्षमतेचा आकडा ऐकून हुरळू नये, एवढंच.

ताई म्हणाली, तुमच्याकडे पुनर्विकासाचीही बोलणी चालली आहेत. तसं असेल तर आधी तिकडे लक्ष दे. चार मजल्यांचे बावीस झाले तरी गच्ची काही पाचपट होत नाही. प्रत्येक घराच्या वाट्याला ऊन कमीच येणार. बिल्डर ‘ग्रीन बिल्डिंग’ म्हणून चार पॅनेलं लावून मोकळा होतो, तेव्हा करारात किलोवॅट आकड्यात लिहून घे आणि गच्चीचा हक्क सोसायटीकडेच ठेव.

सामायिक मीटरची वर्षभराची बिलं पाठव, नक्की किती किलोवॅट घ्यायचे ते काढून देतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा