ऐवज आणि ऐवजी

परदेशी पदार्थ घरीं करूं लागलें कीं पहिली अडचण जिभेची नसते, खिशाची असते. सुटींत फुलचूरला आलेल्या मुलीनें पेस्टो करण्याचें मनावर घेतलें, तेव्हां हाच अनुभव आला. पेस्टो ही इटलींतील जिनोआची हिरवी चटणी: बेझिलचीं पानें, लसूण, पाइनच्या बिया, मुरलेलें चीज आणि ऑलिव्हचें तेल.

वृंदावनांतली तुळस कुटणें कोणासच रुचलें नसतें. पण परसांतला सब्जा हा बेझिलच्याच जातीचा. बियांच्या जागीं भाजलेले शेंगदाणे घेतले, चीजच्या जागीं तिळाचा कूट व लिंबाचे चार थेंब, आणि तेल घाण्याचें. मिठाबरोबर लसूण ठेंचून मग पानें घातलीं. फार रगडलीं तर तीं काळवंडतात. गरम भाताबरोबर वाटी रिकामी झाली.

तरीहि मुलगी म्हणाली, "बाबा, हा खरा पेस्टो नव्हे."

परवडत नाहीं तें खरें आणि परवडतें तें नकली, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांची जुनी समजूत. पण जिनोआच्याच राट्टो यांच्या 1863 सालच्या पाकपुस्तकांत, बेझिल नसल्यास मरवा व पार्सली घ्यावी, असें सांगितलें आहे. चीजहि त्यांत पार्माच्या जोडीला हॉलंडचें! पेस्टो हें नांवच मुळीं कुटण्यावरून पडलें, जिनसांवरून नव्हे.

'ऐवज' आणि 'ऐवजी' हे अरबींतून आलेले एकाच कुळांतले शब्द. ऐवजी म्हणून जें घरांत येतें, तेंच पुष्कळदां घरचा ऐवज होऊन राहतें.